रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर: ठाणे ते कोईम्बतूर

ज्या गाडीने स्पर्धेत उतरायचे त्याच गाडीने घरी परतायचे, ही अट मला कोणी घातली नव्हती. ती परिस्थितीनेच घातली होती. माझ्याकडे ट्रेलर नाही, दुसरी गाडी नाही, आणि स्पर्धा संपल्यानंतरच्या बुधवारी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नौपाड्यात न्यायचे आधीच ठरलेले होते. गाडी २०२१ सालची फोक्सवॅगन पोलो, एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ११० पीएस शक्ती आणि सहा गिअर. रोज सकाळी घोडबंदर रोडवरून निघून ऐरोली पुलावरून रबाळ्याला कामावर जाणारी आणि संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन परतणारी ही गाडी आहे. एरवी तिला कोणी स्पर्धेची गाडी म्हणणार नाही, पण अशाच गाड्यांसाठी भरवल्या जाणाऱ्या हौशी स्पर्धांत भाग घ्यावा, असे मला दोन वर्षांपासून वाटत होते.

असे वाटण्याचे कारणही सांगते. नवी मुंबईत पाम बीच रोडच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री उशिरा गाड्या पळवणाऱ्यांचा आवाज नवा नाही. मला त्या प्रकाराचा मनापासून राग आहे, आणि तरीही एका रविवारी पहाटे गायमुखच्या घाटात रस्ता मोकळा पाहून मीच वळणावर गाडी नको तितकी रेटली. वळणापलीकडे एक म्हातारे गृहस्थ दुधाची किटली सायकलला लावून चढ चालत होते. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर गाडी थांबली, त्यांना काही कळलेही नाही. पण मला कळले. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा वाढलेली आहे. मात्र त्या सकाळी मला कायदा आठवला नाही, ती किटली आठवत राहिली. गाडीची आणि स्वतःची मर्यादा जाणून घ्यायची असेल, तर त्यासाठीच बांधलेल्या जागी जायचे, हे त्या दिवशी ठरले.

अशा जागा आपल्याकडे मोजक्याच आहेत. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. पण तिथे सरळ रेषेत पळायचे असते, आणि मला वळणे हवी होती. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून थोडा लांब आहे. तिथे २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. आणि कोईम्बतूरजवळ चेट्टीपाळयम येथे करी मोटर स्पीडवे, लांबी २.१ किलोमीटर. एस. करिवर्धन यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांनी फॉर्म्युला मारुतीसारख्या स्वस्त शर्यतीच्या गाड्या घडवून देशातल्या कितीतरी चालकांना पहिली संधी दिली आणि १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन याच शहराचे. नवख्या माणसाला लहान ट्रॅक बरा, कारण वेग फार वाढण्याच्या आत पुढचे वळण येते, असे सर्वांनी सांगितले म्हणून मी करी निवडला. ट्रॅक लहान असला की ब्रेकला विश्रांती मिळत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही.

स्पर्धा ‘टाइम अटॅक’ प्रकारची होती. यात चाकाला चाक लावून शर्यत नसते. गाड्या अंतर ठेवून सोडतात, प्रत्येक गाडीला ट्रान्सपॉन्डर नावाचे छोटे उपकरण बसवलेले असते, ते अंतिम रेषेखालच्या तारेवरून गेले की वेळ नोंदली जाते, आणि प्रत्येकाची सर्वांत कमी वेळेची फेरी धरतात. गट इंजिनाच्या क्षमतेवरून आणि गाडीत केलेल्या बदलांवरून पाडतात. मी मूळ स्थितीतल्या टर्बो गाड्यांच्या गटात नाव दिले. इंजिनाची शक्ती वाढवणारे रीमॅप, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, खाली बसवलेले सस्पेन्शन यांच्या वाटेला मी गेले नाही. वाहनाच्या मूळ रचनेत नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत बदल करता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे, आणि ज्या गाडीला परतताना तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून जायचे आहे ती कागदाशी जुळलेलीच बरी.

कागदांवरून आठवले. आमच्या घरी हा बेत सांगितल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला, “विमा चालेल का तिथे?” मी पॉलिसी काढून बसले. वापराच्या मर्यादा सांगणाऱ्या परिच्छेदात आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या, विश्वासार्हतेच्या चाचण्या हे सगळे स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत हे असतेच. आपण वाचत नाही, इतकेच. म्हणजे ट्रॅकवर जे मोडेल ते पूर्णपणे माझ्या खिशातून. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी तो परिच्छेद आधी वाचावा आणि गाडीच्या दुरुस्तीचा सर्वांत वाईट आकडा मनाशी धरून मगच प्रवेशशुल्क भरावे, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. बाबांनी मी वाचलेला परिच्छेद स्वतः पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मग जपून चालव.” ही त्यांची परवानगी होती.

तयारीतला मुख्य खर्च मी ब्रेक आणि टायर यांवर केला. पुढे नवे ब्रेक पॅड घातले, टायर अर्धे झिजलेले होते तेही बदलले, आणि वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये गाडी देऊन इंजिन ऑइल, कूलंटची तपासणी आणि ब्रेक ऑइल बदलण्याचे काम सांगितले. ब्रेक ऑइलचा मुद्दा मी दोनदा बोलले होते. हे द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे, कोरडे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की हाच आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने खाडीची दमट हवा असलेल्या ठाण्यात ते दर दोन वर्षांनी बदलायलाच हवे. बिलावर ‘ब्रेक ऑइल बदलले’ असे छापून आले, बाटलीचे पैसेही लागले. मी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले, वरचे ऑइल स्वच्छ पिवळे दिसले, आणि मी समाधानाने घरी आले.

प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सोबत धाकटा भाऊ होता. कळंबोलीहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव करत पहिल्या रात्री हुबळीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम आणि अविनाशीवरून रात्री कोईम्बतूर. सगळे मिळून साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास. डिकीत स्टेपनीबरोबर हेल्मेट, बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क रेंच, हवा मोजायचे मापक, बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप, अग्निशामक आणि डॉट ४ च्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. त्या बाटल्या नेरूळच्या एका काकांच्या सांगण्यावरून घेतल्या होत्या. ते पन्नाशी ओलांडलेले, बरीच वर्षे या स्पर्धांना जाणारे, आणि योगायोगाने याही स्पर्धेत होते. “लागणार नाहीत, पण असू देत,” एवढेच ते फोनवर बोलले होते.

शनिवारी सकाळी गाड्यांची तपासणी झाली. तपासनीसांनी बॅटरी हलवून पाहिली, टर्मिनल घट्ट आहेत का ते पाहिले, सीटबेल्ट झटका देऊन ओढले, गाडी ओढून नेण्यासाठीचा टो हुक बसवायला लावला, खालून कुठे ऑइल गळते का ते बघितले आणि गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायला सांगितली. पायाखालच्या मॅट, जॅक, स्टेपनी, कप्प्यातली नाणी, आरशाला लटकवलेला आईचा गणपती, सगळे बाहेर. गणपती मी रुमालात गुंडाळून भावाच्या खिशात दिला. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बंद बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट सक्तीचे होते. मोटारस्पोर्टसाठीच्या हेल्मेटला आतून आग न धरणारे अस्तर असते, ते दुचाकीच्या हेल्मेटला नसते. या स्पर्धेत दुचाकीचे हेल्मेट चालत होते, तरी पुढच्या वेळी मी योग्य तेच घेणार आहे. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळून झाले, दारांवर क्रमांक चिकटवले, आणि रोजच्या गाडीकडे मी पहिल्यांदा परक्या नजरेने पाहिले.

त्यानंतर चालकांची बैठक. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅकवर ऑइल किंवा घसरडे आहे. अधिकाऱ्यांनी प्रत्येकाला हे उलट विचारले. चुकणाऱ्याला पुन्हा उभे केले. एवढी शिस्त मी आपल्या एकाही रस्त्यावर पाहिलेली नाही, आणि इथे सुरक्षित वाटण्याचे खरे कारण हीच शिस्त आहे.

पहिल्या सत्रात माझी सर्वांत चांगली फेरी १ मिनिट २९.१ सेकंदांची झाली. मी प्रत्येक वळणावर फार वेगाने आत शिरत होते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असे केले की स्टिअरिंग वळवूनही सरळच जायला बघते, टायर किंचाळतात, आणि त्या आवाजामुळे आपण फार वेगात आहोत असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी गाडी वेग गमावत असते. नेरूळच्या काकांनी कुंपणाजवळून पाहिले होते. ते म्हणाले, “तुझा टायर ओरडतो तिथे तू थांबलेली असतेस, बाळा. ब्रेक सरळ रेषेत संपव, मग वळ.” हवेचा दाबही मी मोजला. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय होता, तो बाहेर येताच ४० झालेला; तो ३५ वर उतरवला.

दुसऱ्या सत्रात मी त्यांचे ऐकले. मुख्य सरळ पट्ट्यावर काटा १४० पर्यंत जाई आणि पुढच्या वळणासाठी तो ७० वर आणावा लागे. माझ्यासकट गाडीचे वजन साडेअकराशे किलो धरले, तर या एका ब्रेकमध्ये सहा लाखांहून अधिक ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे दोन लिटर गार पाणी उकळायला लागावी तेवढी. ती चार-पाच सेकंदांत, मुख्यतः पुढच्या चाकांच्या दोन ब्रेक डिस्कमध्ये. दीड मिनिटात पुन्हा तेच, आणि मधली वळणे वेगळी. चौथ्या फेरीत पेडल नेहमीपेक्षा खोल गेल्यासारखे वाटले. पाचव्या फेरीत त्याच ठिकाणी पाय टाकला आणि पेडल ओल्या स्पंजसारखे खाली गेले, जवळजवळ तळापर्यंत, आणि गाडी हळू झाली नाही.

तो क्षण मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तिसऱ्या दाबाला थोडी पकड आली. दरम्यान गिअर पाचवरून चारवर आणि तीनवर आणला होता, इंजिन वरच्या पट्टीत ओरडत होते. वळायचा प्रयत्न केला असता तर गाडी आडवी झाली असती, म्हणून स्टिअरिंग सरळ धरले आणि डांबर सोडून पुढच्या मोकळ्या जमिनीत जाऊ दिली. माती, खडे, धूळ, खालून खडखडाट, मग शांतता. काचेवरची धूळ खाली बसल्यावर पहिली गोष्ट दिसली ती मार्शलच्या, म्हणजे ट्रॅककडेला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या, हातातला पिवळा झेंडा. त्याने हाताने विचारले, मी अंगठा दाखवला. गाडीला एक ओरखडाही नव्हता. अशी मोकळी जागा गायमुखच्या वळणापलीकडे नाही.

पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत, गाडी आणल्यावर हँडब्रेक लावायचा नसतो. मागच्या चाकांच्या ब्रेकचा तापलेला ड्रम आणि त्याचे लायनर एकमेकांना चिकटतात, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावतात. अर्ध्या तासाने गाडी गार झाल्यावर काकांनी विचारले, “ऑइल कधी बदललेस?” मी बिल दाखवले. ते काही बोलले नाहीत. मागचे डावे चाक काढले, ब्रेकमधून ऑइल बाहेर काढायच्या निपलला पारदर्शक नळी जोडली, नळीचे दुसरे टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडले, भावाला सीटवर बसवले आणि सांगितले, “दाब म्हणालो की दाब, धर म्हणालो की सोडायचे नाही.” निपल सैल केले आणि नळीतून जे आले ते कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. गॅरेजने टाकीतले वरचे ऑइल शोषून काढून नवे ओतले होते. नळ्यांतले आणि डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधले मूळचेच होते, बहुधा गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचे. पुढच्या चाकांच्या नळीत तर बुडबुड्यांची माळच आली. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल खाली गेले त्याचे कारण समोर नळीत दिसत होते.

मला त्या वेळी आलेला राग अजून पूर्ण गेलेला नाही. हे काम न करता त्याचे पैसे घेणाऱ्या माणसाला ती गाडी ट्रॅकवर जाणार हे माहीत होते. पण ट्रॅकचे सोडा. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने उतरणाऱ्या कोणालाही हेच होऊ शकते. ब्रेक ऑइल बदलायला दिले तर समोर उभे राहा आणि चारही चाकांतून निघणारे ऑइल स्वतःच्या डोळ्यांनी बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टाकीत डोकावून काही कळत नाही.

“दाब. धर. सोड. दाब. धर. ताई, पाय भरून आला,” असे करत दोन तासांत दोन्ही बाटल्या संपल्या आणि चारही चाकांतून फिकट पिवळे, बुडबुडे नसलेले ऑइल येऊ लागले. पेडल दगडासारखे कडक झाले. तपासनीसांनी गाडी पुन्हा पाहिली, पेडल स्वतः दाबून पाहिले, मला पिट लेनमध्ये तीनदा थांबायला लावले आणि मगच रविवारची परवानगी दिली.

रविवारी प्रत्येकाला तीन धावा होत्या. एका धावेत एक फेरी टायर आणि ब्रेक तापवायची, दोन वेळेच्या आणि एक गार करायची. ही शेवटची फेरी आदल्या दिवशी मी घाईत वाया गेलेली समजत होते. ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वरच्या गिअरमध्ये, डिस्कवरून वारा वाहू देत ती पूर्ण करायची असते. त्या दिवशी मी ती मन लावून केली. वेळेच्या फेऱ्यांत मी आदल्या दिवशीपेक्षा दहा मीटर अलीकडे ब्रेक लावत होते, एकदाच, ठामपणे, आणि वळणाला लागायच्या आत पाय सोडत होते. मग नजर वळणाच्या आतल्या कडेकडे, ती आली की बाहेर पडायच्या जागेकडे, आणि स्टिअरिंग जितके सरळ होईल तितकाच अ‍ॅक्सिलरेटर. टायर ओरडणे जवळजवळ थांबले. फेरी इतकी शांत वाटली की मी हळू गेले असे समजले, आणि फलकावर १ मिनिट २५.४ दिसले. गणित केले तर आदल्या दिवशीची सरासरी ताशी ८५ किलोमीटर होती, ही साडेअठ्ठ्याऐंशी. साडेतीन किलोमीटरचा फरक, आणि त्यासाठी दोन दिवस. आमच्या गटातल्या नऊ गाड्यांत माझा सहावा क्रमांक आला. काका मोठ्या इंजिनाच्या गटात दुसरे आले, आणि बक्षीस घ्यायला जाण्याआधी त्यांनी माझा वेळ विचारून घेतला.

संध्याकाळी सामान परत भरताना मी प्रत्येक काम यादी करून केले. टायर गार झाल्यावर हवा पुन्हा ३२ वर आणली, कारण ट्रॅकसाठी उतरवलेल्या दाबावर महामार्गावर जाणे धोक्याचे. बोल्ट पुन्हा १२० वर आवळले. पुढच्या पॅडची जाडी मोजली. ठाण्यात कोरे घातलेल्या पॅडची निम्म्याच्या आसपास उरली होती, घरी जायला भरपूर. तापलेल्या रबराचे बारीक दाणे टायरच्या खाचांत अडकले होते, ते भावाने काडीने काढले. पेट्रोलचा हिशेबही लिहिला: येताना लिटरला सतरा किलोमीटर, ट्रॅकवर पाचसुद्धा नाही. खिशातला गणपती आरशाला परत लागला.

मंगळवारी रात्री साडेअकराला आम्ही कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या मुलाने दारावरच्या क्रमांकाकडे बघून इंजिन दोनदा गुरगुरवले. सिग्नल हिरवा झाल्यावर मी त्याला पुढे जाऊ दिले. सकाळी दहाला आईला घेऊन निघायचे होते, आणि तो क्रमांक दारावरून काढायचा राहिला होता.